नमुना कुठून येतो? मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीचे निकाल लागले की मला दरवर्षी दोन-चार फोन ठरलेले. कुणी ओळखीतून नंबर मिळवलेला असतो, कुणी आमच्याच कॉलेजचं निघतं. "ताई, मला मायटोकॉन्ड्रियावर काम करायचंय. कुठल्या इन्स्टिट्यूटला अर्ज करू?" मी उलट विचारते, "मायटोकॉन्ड्रियावर की त्याच्या आजारांवर?" यावर बहुतेकदा पलीकडे शांतता. त्या शांततेनंतर मी जे सांगते ते इथे एकदाचं लिहून टाकते आहे, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल.

मी रुग्णांच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे. त्याआधी प्रोजेक्टवरची नोकरी, मग पीएचडी, असा नेहमीचाच रस्ता. त्यामुळे खालचं सगळं बेंचवरून दिसतं तसं आहे. डॉक्टर किंवा डायरेक्टर हेच वेगळं सांगतील.

पायरी १: आजार नात्यांच्या भाषेत समजून घ्या

शाळेच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाचं नाव तंतुकणिका. पेशीचं ऊर्जाघर म्हणून आकृती काढून घेतात, नावं द्यायला लावतात आणि विषय संपतो. जे सांगायचं राहून जातं ते असं की या ऊर्जाघराकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो. गोल, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. त्यातली १३ प्रथिनांसाठी, २२ टीआरएनएसाठी, २ आरआरएनएसाठी (हे दोन्ही प्रथिनं बनवायला लागणारे आरएनए). पण मायटोकॉन्ड्रियात राबणाऱ्या प्रथिनांची संख्या ११०० च्या वर आहे. १३ सोडली तर बाकी सगळ्यांची कृती केंद्रकातल्या डीएनएत असते. ती बाहेर बनतात आणि मग आत नेली जातात.

म्हणून बिघाडसुद्धा दोन वाटांनी येतो. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत दोष असेल तर तो फक्त आईकडून येतो. केंद्रकातल्या जनुकात असेल तर बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते.

इथे आपली नात्यांची नावं इंग्रजीपेक्षा कितीतरी कामाची ठरतात. 'कझिन' म्हटल्यावर कुणाला काही कळत नाही. मावसभाऊ म्हटलं की कान टवकारायचे, कारण आई आणि मावशी या दोघींना तोच डीएनए आजीकडून मिळालेला असतो. मामेभाऊ म्हटलं की या वाटेपुरतं सोडून द्यायचं. मामाला स्वतःला आजार असू शकतो, पण तो मुलांना देत नाही. आतेभाऊ, चुलतभाऊ तर हिशेबातच नाहीत. फॅमिली ट्री काढताना मी आधी पेशंटच्या आईला तिच्या माहेराबद्दल विचारते: आईला साखर होती का, मावशीला कमी ऐकू येतं का, कुठला मामा तरुणपणी गेला का. मधुमेह आणि बहिरेपणा एकाच माहेरी आईच्या बाजूने उतरत आलेला दिसला की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या ३२४३ या जागेची (तिच्याबद्दल खाली येतं) आठवण व्हायला हवी.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच समाजांत आहे. म्हणजे आत्ता सोडून दिलेली मामेबहीण दुसऱ्या वाटेच्या हिशेबात एकदम महत्त्वाची होते, कारण नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असतील तर केंद्रकातली एकच सदोष प्रत दोन्हीकडून येऊ शकते. सर्फ१ या जनुकामुळे होणारा ली सिंड्रोम असाच. लहान मूल चालायला लागलेलं असतं, एक ताप येतो आणि शिकलेलं सगळं मागे जातं.

आता टक्केवारी. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात आणि त्यातल्या काहीच बिघडलेल्या असू शकतात. याला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात. साधारण ६० ते ९० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी उंबरठा असतो. बिघडलेल्या प्रती त्याच्यावर गेल्या की पेशी हात टेकते. उंबरठा प्रत्येक दोषाला आणि प्रत्येक अवयवाला वेगळा. त्यामुळे एकाच आईची दोन मुलं, एक कॉलेजात क्रिकेट खेळतोय आणि दुसऱ्याला विशीत झटका, असं घडतं. झटका म्हणजे खराखुरा स्ट्रोकसारखा. त्या आजाराचं नाव मेलास, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ३२४३ व्या जागी 'ए' च्या जागेवर आलेला 'जी'. हे १९९० मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं.

ही टक्केवारी पेशंटच्या अंगात सगळीकडे सारखी नसते. ३२४३ चा दोष रक्तात वयाप्रमाणे कमी होत जातो. पन्नाशीच्या बाईचं रक्त तपासलं आणि जेमतेम काही टक्के मिळाले, तर ती निरोगी आहे असं म्हणता येत नाही. तिच्या लघवीतल्या पेशींमध्ये किंवा स्नायूमध्ये तोच दोष भरपूर असू शकतो. माझ्या पहिल्या महिन्यात आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी माझा रिझल्ट न बघताच विचारलं होतं, "सँपल कसलं?" मी म्हणाले ब्लड. "मग युरिन मागव."

पायरी २: घरबसल्या एक अभ्यास करा

यासाठी लॅब लागत नाही, नेट लागतं. एनसीबीआय या जनुकक्रमांच्या अमेरिकन सरकारी साइटवर जाऊन एनसी_०१२९२० हा क्रम उघडा. मानवी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा तो प्रमाण क्रम. जगात कुणालाही दोष सापडला की त्याचा क्रमांक याच्यावरून दिला जातो. आता ३१०७ व्या अक्षरापाशी या. तिथे ए, टी, जी, सी यातलं काहीच नाही. तिथे 'एन' आहे.

त्याची गोष्ट अशी. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेतल्या गटाने १९८१ मध्ये हा संपूर्ण क्रम वाचला. मुख्य नमुना एका बाईच्या वारेतून आलेला, आणि काही तुकडे हेला या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचे आणि गाईचे. १९९९ मध्ये तोच डीएनए पुन्हा वाचल्यावर काही चुका सापडल्या. त्यातली एक म्हणजे ३१०६ आणि ३१०७ या जागी दोन 'सी' धरले होते, प्रत्यक्षात एकच होता. ते अक्षर काढलं असतं तर पुढची सगळी क्रमांकांची रांग एकाने सरकली असती आणि ३२४३ चं ३२४२ झालं असतं. म्हणून अक्षर काढलं, जागा ठेवली. चाळीत एक बिऱ्हाड कायमचं रिकामं, पण खोल्यांचे नंबर तेच.

हा 'एन' माहीत नसलेला माणूस सॉफ्टवेअरने दाखवलेला '३१०७ वरचा दोष' घेऊन उत्साहाने मीटिंगला येतो. मी पाहिलेले आहेत. एकदा मीच होते.

याच्याच जोडीला मायटोमॅप ही फुकट असलेली माहितीची पेढी चाळा. ११७७८, ८३४४, ८९९३, १५५५ हे आकडे ओळखीचे होईपर्यंत. ११७७८ म्हणजे लेबर, तरुण मुलांची नजर काही आठवड्यांत घालवणारा. ८३४४ म्हणजे मर्फ, ज्यात स्नायूंना आचके येतात आणि ते दुबळे होतात. १५५५ म्हणजे जेंटामायसिनसारख्या औषधांनंतर येणारं बहिरेपण. हा शेवटचा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका मुलात सापडला की त्याच्या आईला, भावंडांना, मावशीला आणि मावशीच्या मुलांना 'हे इंजेक्शन घेऊ नका' असं एका कागदावर लिहून देता येतं. उपचार नसलेल्या आजारांच्या या राज्यात इतकी स्वस्त मदत क्वचित मिळते.

थोडा इतिहासही हवा, मुलाखतीत विचारतात. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये रॉल्फ लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी एका बाईचं वर्णन छापलं. ती भरपूर खायची, तरी रोड, आणि थंडीतही घामाने निथळायची. थायरॉइड ठीक, बिघाड मायटोकॉन्ड्रियात. १९८८ मध्ये रुग्णांच्या स्नायूंत डीएनएचे मोठे तुकडे गळालेले सापडले, आणि त्याच वर्षी लेबरचा ११७७८. या शास्त्राचं खरं वय तिथून मोजतात.

पायरी ३: कुठल्या दारातून शिरणार ते ठरवा

या क्षेत्राला तीन-चार दारं आहेत. पाया शोधणारी लॅब, जिथे यीस्टमध्ये किंवा पेशींमध्ये 'हे प्रथिन आत कसं जातं' असल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम चालतं. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत असं काम आहे. निदान आणि जनुकक्रम वाचणारी लॅब, जिथे रुग्णांचे नमुने येतात. उपचार शोधणारे, म्हणजे औषध, जनुकोपचार, डीएनए दुरुस्ती. आणि कॉम्प्युटरवरचे, जे वरच्या तिघांचा डेटा बघतात. संगणकाची आवड असलेल्यांनी हे शेवटचं दार हलकं समजू नये. चांगली माणसं तिथेच कमी आहेत.

यीस्टला नाक मुरडणारी मुलं मला भेटतात. "मला पेशंटसाठी काम करायचंय." पण यीस्ट श्वसनाशिवायही जगतं, नुसती वसाहत छोटी राहते, म्हणून एखाद्या जनुकाने श्वसन बंद पडतं का हे तिथे आठवड्याभरात कळतं. मुलाच्या एक्झोममध्ये (डीएनएतला प्रथिनांची कृती असलेला भाग) मिळालेला नवा दोष खरोखर घातक आहे का, हे ठरवताना शेवटी यीस्टवाल्याचंच दार ठोठवावं लागतं.

पायरी ४: परीक्षा

लवकर आटपते, कारण यावर क्लासवाल्यांनी पुष्कळ लिहिलंय. सीएसआयआर-नेट, म्हणजे पीएचडीच्या शिष्यवृत्तीची (जेआरएफ) राष्ट्रीय परीक्षा, लाइफ सायन्सेस: ३ तास, २०० मार्क. 'ए' भागात २० पैकी १५, 'बी' मध्ये ५० पैकी ३५, 'सी' मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न. चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांतला पाव हिस्सा कपात. 'सी' भागात प्रत्येकी ४ मार्क असल्याने खरी मजल तिथे मारायची. याशिवाय आयसीएमआर आणि डीबीटी यांच्या जेआरएफ परीक्षा, गेट, आणि टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीबिल्स. एकाच परीक्षेवर सगळं लावू नका. माझ्या बॅचची निम्मी मुलं नेटने नव्हे, दुसऱ्याच कुठल्या परीक्षेने आत गेली.

अजून बीएस्सीला असाल तर आयसर पुण्याची इंटिग्रेटेड पीएचडी बघा. आणि बायोकेमिस्ट्रीला घाबरून बाजूला ठेवू नका. श्वसनसाखळी (मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणारी प्रथिनांची रांग) पाठ नसेल तर पुढचं सगळं वाळूवर.

पायरी ५: संस्था निवडताना विचारायचा प्रश्न

आता मुद्द्याचं. संस्थेचं नाव, इमारत, कँटीन सगळं बघा, पण आधी विचारा: इथे नमुना कुठून येतो?

हे शोधायला कुणाला फोन करावा लागत नाही. लॅबचे गेल्या पाच वर्षांतले तीन पेपर काढा. पहिलं चित्र बघा. फॅमिली ट्री असेल, तर माणसं येतात. पेशींच्या वाढीचा आलेख असेल, तर तयार पेशींची बाटली येते. मग लेखकांची यादी: त्यात हॉस्पिटलचे डॉक्टर आहेत का, आणि तेच डॉक्टर तिन्ही पेपरांत आहेत का? असतील तर तिथे वर्षानुवर्षं टिकलेला संबंध आहे, आणि तो पैशाने उभा राहत नाही. मग एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं वाक्य. शेवटी आभार, कारण पैसा कुणाचा ते तिथे कळतं.

हैदराबादचं सीसीएमबी, म्हणजे पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राचं केंद्र, या कामात जुनं आहे. अंदमानच्या ओंगींपासून भारतातल्या समाजांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचण्याचं मोठं काम तिथे झालं, आणि बेंगळुरूच्या निमहान्समधल्या मेंदू-स्नायूंच्या डॉक्टरांबरोबर ली सिंड्रोमसारख्या आजारांवर त्यांचे एकत्र पेपर आहेत. वर सांगितलेली खूण तिथे नेमकी दिसते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस म्हणजे पेशींचं माहेरघर. देशभरच्या लॅबना पेशींचे नमुने तिथून जातात, आणि पेशी जिवंत ठेवण्याची शिस्त शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. आता ते ब्रिक या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थांच्या नव्या छत्राखाली आहे, म्हणून जाहिरात शोधताना दोन्ही नावांनी शोधा. मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्यावरचं एनआयआरआरसीएच, खारघरला कर्करोगावरचं ॲक्ट्रेक. आणि परळचंच केईएम हे दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. ते संशोधन संस्था म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही, पण मुलं तिथे येतात.

नमुना कुठून येतो इतकंच नाही, कसा येतो हेही बघा. स्नायूची बायोप्सी घेतली की तुकडा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तत्क्षणी गोठवायचा असतो. मग त्याचे काप करून दोन रंग चढवतात. कॉक्स हे श्वसनसाखळीतलं एन्झाइम चालू असलेले तंतू तपकिरी दिसतात. कॉक्स बंद पडलेल्या तंतूंवर दुसऱ्या एन्झाइमचा निळा चढतो. चांगली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तपकिरी फरशीत मधेच निळ्या फरशा बसवल्यासारख्या दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुंदर दिसतंय असं वाटलं आणि लगेच लाज वाटली.

दूरच्या एका हॉस्पिटलमधून आम्हाला एकदा नऊ वर्षांच्या मुलाचा स्नायू आला. व्यवस्थित पॅक केलेला, लेबल लावलेलं, फॉर्म भरलेला. आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. फॉर्मॅलिनमध्ये एन्झाइम मरतात. तपकिरी नाही, निळा नाही, काही नाही. मुलाच्या मांडीला पुन्हा चीर द्यायची की नाही, हे आईबापांना विचारायचा फोन कुणीतरी करायचा होता. त्या आठवड्यात आम्ही एक पानाची मराठी-हिंदी-इंग्रजी सूचना तयार केली, आणि आता ती नमुना येण्याआधी जाते. पेपरमध्ये तिचा उल्लेख कुठेच नसतो.

पायरी ६: मेल आणि मुलाखत

नेट निघाली नसेल तर प्रोजेक्टवर घुसा. कागदावर आता 'प्रोजेक्ट असोसिएट' लिहितात, बोलताना अजून असिस्टंटच. एक-दोन वर्षं हात साफ होतात, आणि आपल्याला हे जमतं का ते पीएचडीची पाच वर्षं घालण्याआधी कळतं.

मेल छोटी ठेवा. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असं दोन्ही लिहून तीच मेल चाळीस जणांना गेलेली लगेच ओळखू येते. त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचारा. 'तुमच्या तिसऱ्या आकृतीत आईच्या रक्तात दोष ८ टक्के दिसतो, लघवी तपासली होती का?' अशी एक ओळ असलेली मेल मी असते तर पुढे ढकलली नसती.

मुलाखतीत हमखास येणारे प्रश्न, माझ्या वहीतून: कॉम्प्लेक्स टू चं (श्वसनसाखळीतला दुसरा प्रथिनसमूह) मोजमाप तुलनेसाठी का घेतात? कारण त्याचे सगळे भाग केंद्रकातून येतात, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडला तरी ते शाबूत राहतं. यूजीए या तीन अक्षरांचा अर्थ काय? मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर 'प्रथिन इथे थांबवा', आत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. क्रिस्पर हे डीएनए कापण्याचं तंत्र इथे का चालत नाही? कारण त्याला वाट दाखवणारा आरएनए मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेणं फार अवघड. म्हणून २०२० मध्ये एका जिवाणूच्या विषापासून बनवलेला, आरएनए न लागणारा बेस एडिटर (डीएनएचं एक अक्षर बदलणारं हत्यार) आला, तेव्हा या क्षेत्रात एवढी खळबळ उडाली. आणि उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण असा विचार करेन' म्हणा. रेटून बोललेलं समोरच्याला कळतं. तेही कधीतरी रेटून बोललेले असतात.

पायरी ७: पहिले सहा महिने

पेशी वाढवणं शिकाल. रुग्णाच्या त्वचेतून काढलेल्या पेशींचा मीडिया, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, जरा लवकर पिवळा पडतो. कारण श्वसन लंगडं असलेली पेशी साखर अर्धवट जाळते, लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते आणि मीडियातला रंग बदलतो. सोमवारी इनक्युबेटर उघडल्यावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फ्लास्कमधला गुलाबी आणि पिवळा बघून, लेबल न वाचता कुठला कुणाचा ते सांगता यायला लागतं. यंत्राच्या आधी डोळे शिकतात. फक्त आधी मायकोप्लाझ्माची टेस्ट करून घ्या, नाहीतर तुम्ही आजार समजून जंतूंचा अभ्यास करत बसाल.

ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज दिलं की पेशीला श्वसनावर विसंबावंच लागतं. निरोगी पेशी कुरकुरत जगतात, बिघडलेल्या मरतात. एवढ्या साध्या युक्तीने अर्धा प्रश्न सुटतो. पुढे सीहॉर्स या यंत्रावर बसाल. तिथे ऑलिगोमायसिन, एफसीसीपी, मग रोटेनोन आणि अँटिमायसिन, या क्रमाने औषधं सोडत ऑक्सिजनचा वापर बघायचा. पण शेवटी पेशी मोजून आकडा भागायला विसरू नका. नव्या मुलांच्या निम्म्या 'शोधांचं' मूळ एवढंच असतं की एका खान्यात पेशी जास्त पडल्या होत्या.

माझी चूक सांगते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण काढून टाकलेल्या पेशी असतात, त्यांना रो-झीरो म्हणतात. त्यात रुग्णाचे मायटोकॉन्ड्रिया घालून 'सायब्रिड' करतात, म्हणजे दोष डीएनएचा की केंद्रकाचा ते कळतं. या रो-झीरोंना मीडियात युरिडीन आणि पायरुव्हेट वरून द्यावं लागतं. युरिडीन अशासाठी की ते बनवणारं एक एन्झाइम श्वसनसाखळीवर अवलंबून असतं. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि मीडियाची नवी बॅच बनवताना मी युरिडीन घातलं नाही. चौथ्या दिवशी सगळ्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या. तीन महिन्यांचं काम. लॅबमधल्या काकांनी, जे तीस वर्षं ऑटोक्लेव्ह सांभाळत होते, माझा चेहरा बघून चहा आणून दिला आणि विचारलं, "मागची बॅच गोठवून ठेवली होती का?" नव्हती. तेव्हापासून प्रत्येक पेशींची एक कुपी नायट्रोजनमध्ये आधी जाते, प्रयोग नंतर.

पायरी ८: घरच्यांशी बोलणं

हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. संमतीपत्र घेताना तुम्ही नुसते शेजारी उभे असाल, तरी आई तुमच्याकडे बघूनच विचारते, "माझ्याकडून आलं का?" शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. 'मॅटर्नल इनहेरिटन्स' हे वहीत साधं वाक्य आहे. त्या खोलीत ते आरोपपत्र होतं. आमच्या समुपदेशक मॅडम आधी सांगतात की हा डीएनए आपल्या सगळ्यांना, सासूबाईंनाही, आपापल्या आईकडूनच मिळालेला आहे, आणि त्यात काय असावं हे कुणाच्या हातात नसतं. मग बाकीचं. शक्य असेल तर आईशी आधी एकटीशी बोलतात.

दुसरा प्रश्न हमखास: "रिपोर्ट कधी मिळेल?" संशोधनातला निकाल म्हणजे निदानाचा रिपोर्ट नव्हे. हे संमतीच्या वेळीच मराठीत, दोनदा सांगा. नाहीतर माणसं सहा महिने वाट बघतात. आणि लॅबबाहेर तोंड बंद. नगरच्या पेशंटची गोष्ट नगरच्याच मैत्रिणीला सांगू नये, नाव न घेता सुद्धा.

डॉक्टरांशी बोलताना मात्र घाई करा अशी एक जागा आहे. पोलजी या जनुकात दोष सापडला आणि मुलाला फिट येत असतील, तर सोडियम व्हॅल्प्रोएट यकृताला धोक्याचं ठरतं. असा निकाल हातात आला तर पेपरची वाट बघायची नसते, त्याच दिवशी लॅबच्या मॅडमना उठवायचं.

पायरी ९: पैसा, वर्षं आणि पुढे

जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. कागदावर ठीक आहे. हातात कधी येईल ते निराळं. माझे एकदा पाच महिने अडकले होते आणि खानावळवाल्या काकूंनी वही उघडी ठेवली. चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय दुसऱ्या शहरात जाऊ नका. घरी 'शिष्यवृत्ती मिळते' म्हणजे पगार मिळतो असा समज होतो, तोही आधीच दूर करा. पीएचडीला पाच ते सहा वर्षं धरा.

पुढे पोस्टडॉक. इंग्लंडात न्यूकॅसल आणि केंब्रिज, अमेरिकेत फिलाडेल्फिया ही या विषयाची मोठी ठिकाणं. न्यूकॅसलमध्ये दात्या स्त्रीच्या अंड्यातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरून आजार पुढच्या पिढीत जाणं टाळण्याचं काम झालं. तिथला कायदा २०१५ मध्ये बदलला, परवाना २०१७ मध्ये मिळाला, आणि २०२५ मध्ये अशा आठ बाळांची माहिती प्रसिद्ध झाली. कायद्यापासून बाळांपर्यंत दहा वर्षं, आणि त्याआधीची प्रयोगशाळेतली वेगळी. परत यायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सच्या योजना आधीपासून बघून ठेवा, त्यांना वयाच्या किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांच्या अटी असू शकतात.

सगळ्यांनी प्रोफेसर व्हावं असं मला वाटत नाही, तेवढ्या जागाही नाहीत. माझ्याबरोबरच्या सहा जणांत एक जनुकीय समुपदेशक झाली, एक जण तपासणी कंपनीत सदोष अक्षरांचा अर्थ लावायचं काम करतो, एक औषधचाचण्यांमध्ये आहे. औषधांकडे लोक वळतायत, कारण तिथे आता हालचाल दिसते. युरोपात लेबरसाठी आयडेबिनोन या औषधाला २०१५ मध्येच मान्यता मिळाली. बाकी व्हॉट्सॲपवर 'मायटोकॉन्ड्रिया रिचार्ज' म्हणून फिरणाऱ्या गोळ्यांच्या कंपनीतही नोकऱ्या असतात. घेऊ नका.

पायरी १०: पहिल्या दिवशी

नवी वही घ्या, सुट्टे कागद नकोत. क्रायो मार्कर स्वतःचा घ्या, लॅबचा कधीच जागेवर नसतो. साध्या मार्करची शाई सत्तर टक्के अल्कोहोलने पुसली जाते, आणि हूडमध्ये (निर्जंतुक हवेचं कपाट) नेताना ट्यूब तुम्ही त्यानेच पुसणार आहात. आणि नमुन्याचा नंबर ट्यूबच्या झाकणावर लिहिलात तरी अंगावरही लिहा. झाकणं बदलतात.